वर्गातली मुले मला ‘पाकिस्तानी’ म्हणतात आणि वर्गातलीच एक मुलगी मला आवडते. मी काय करावे?

तू दहावीत आहेस, माझ्या धाकट्या मुलाहून लहान, म्हणून एकेरीत लिहितो. चिडवणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे का, आणि त्या मुलीला मनातले सांगावे का, असे दोन प्रश्न तू विचारले आहेस. पहिल्याचे उत्तर स्पष्ट आहे: दुर्लक्ष करू नकोस. हाच सल्ला मला नववीत मिळाला होता, मी तो पाळला आणि त्याची लाज मला आजही वाटते.

मी बार्शीचा. अब्बांचे शिवणकामाचे दुकान होते. शाहीर अमर शेख आमच्या गावात जन्मले याचा त्यांना फार अभिमान होता, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील त्यांच्या आवाजाबद्दल ते गिऱ्हाइकाचे माप घेता घेता बोलत असत. घरात दखनी, बाहेर मराठी, आणि शाळा अर्थातच मराठी. आमच्याकडे टीव्ही नव्हता, म्हणून सामना असला की गल्लीतली पंधरावीस मुले माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी, सोप्यात जमत असू. ती मला आवडत असे. तिचे ‘श’ काढण्याचे वळण मी माझ्या अक्षरात उचलले होते. याहून अधिक काही घडले नव्हते.

१८ एप्रिल १९८६, शुक्रवार. शारजातील अंतिम सामना. आपल्या २४५ धावा झाल्या होत्या, शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला चार हव्या होत्या, आणि जावेद मियाँदादने चेतन शर्माला षटकार मारला. मी खांबाला टेकून रडलो. तिच्या आईने मला पाणी आणून दिले.

दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा होती. वर्गात शिरताच एकाने विचारले, “काय रे, काल तुमच्या मोहल्ल्यात साखर वाटली म्हणे?” त्याच्या अंगावरची खाकी पँट अब्बांनीच शिवलेली होती. सगळे हसले आणि मी पुस्तकात मान घातली. तेव्हा मुलींच्या रांगेतून ती उभी राहिली आणि म्हणाली, “तो काल आमच्या घरी होता. हरल्यावर तो रडत होता, मी पाहिले आहे.” वर्ग क्षणभर गप्प झाला, आणि मग मागून प्रश्न आला, “तो तुझ्या घरी काय करत होता?” त्या सोप्यात बसून सामना पाहणारी चार मुले त्याच वर्गात होती. त्यांच्यापैकी कोणी तोंड उघडले नाही. मीही उघडले नाही. शाळा सुटेपर्यंत फळ्यावर आमची नावे बदामात लिहिली गेली होती, आणि वर्गशिक्षकांनी फळा पुसून समज दिली ती फक्त तिला.

रविवारी तिचे वडील दुकानात आले, अत्यंत सौजन्याने बोलले आणि मला काही दिवस घरी पाठवू नका असे सांगून गेले. अब्बांनी मान डोलावली. माझा मोठा भाऊ म्हणाला, “तिने बोलायलाच नको होते. जूनमध्ये गणवेश शिवायला ही मंडळी आली नाहीत तर खायचे काय?” तो अजूनही, मागच्या ईदलासुद्धा, हेच म्हणाला. त्याला मी जे सांगतो तेच तुलाही सांगतो: त्या जूनमध्ये गणवेशांचे काम नेहमीएवढेच आले, साखरेचे विचारणारा मुलगाही आला, आणि त्याची वाढलेली उंची मीच मापांच्या वहीत लिहून घेतली. आमच्या गप्प बसण्याने दुकान वाचले नाही, कारण ते बुडणारच नव्हते. एकटी पडली ती मात्र ती मुलगी.

‘पाकिस्तानी’ ही चेष्टा नाही, तो आरोप आहे, आणि न खोडलेला आरोप लोक कबुली समजतात. भांडण करू नकोस. त्याच दिवशी, सगळ्यांसमोर, एक पूर्ण वाक्य बोल, आणि मग पालकांच्या सहीने मुख्याध्यापकांना तारीखवार लेखी दे. आपले देशप्रेम सिद्ध करत बसू नकोस. वर्गातल्या इतर कोणाला रडल्याचा पुरावा मागितला गेला नव्हता.

आता त्या मुलीविषयी. ती कोणत्या धर्माची हे तू लिहिलेले नाहीस, आणि माझा काळ चिठ्ठ्यांचा होता हेही मला मान्य आहे. आज मोबाइलवरचा मजकूर तासाभरात गावभर होतो, काही ठिकाणी बाहेरची माणसे अशा जोड्यांच्या मागे लागतात, आणि शारीरिक संबंधांच्या बाबतीत अठरा वर्षांखालील मुलीची संमती २०१२ चा पॉक्सो कायदा (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा) ग्राह्य धरत नाही. म्हणून जे सांगायचे ते समोर, शब्दांत सांग, आणि तिने नको म्हटले तर तिथेच थांब. मात्र वर्गात तुझ्या बाजूने ती एकदा जरी बोलली असेल, तर तिचे आभार आजच मान. माझ्या वर्गातल्या त्या मुलीचे कुटुंब पुढच्या वर्षी सोलापूरला गेले, आणि तिचे आभार मानायचे माझे राहूनच गेले.