शहाणपणाचे गुण कोण देतो?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. शहाणपण मोजणारी एक इंग्रजी प्रश्नावली मी आणि अमेरिकेत वाढलेल्या माझ्या भाच्याने सोडवली. त्याला माझ्यापेक्षा बरेच अधिक गुण मिळाले. अशा चाचण्यांना शास्त्रीय आधार असतो का, आणि एकच चाचणी सर्व देशांतील लोकांना लावता येते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधार असतो; मात्र तेवढ्यावरून आपली आणि भाच्याची तुलना करता येणार नाही. आपण सोडवलेली प्रश्नावली बहुधा स्वमूल्यमापनाची असावी. फ्लोरिडा विद्यापीठातील मोनिका आर्डेल्ट यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेली ३९ विधानांची चाचणी याच प्रकारची आहे. प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडते हे अशा चाचणीत आपणच सांगायचे असते, आणि ते ठरवताना माणूस नकळत स्वतःला आसपासच्या माणसांशी ताडून पाहतो. ज्या घरात सगळेच दुसऱ्याचे शांतपणे ऐकून घेतात, तिथली व्यक्ती ‘मी ऐकून घेते’ या विधानापुढे मधलाच पर्याय निवडते. स्वतःविषयी चांगले बोलू नये असे जिथे लहानपणापासून शिकवले जाते, तिथे गुण आणखी खाली येतात.

विधाने कोणती निवडायची, हाही प्रश्न आहेच. पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेऊन पुढे कॅलिफोर्नियात संशोधन करणारे मनोविकारतज्ज्ञ दिलीप जेस्ते यांनी २००८ साली, सहलेखक इप्सित वाहिया यांच्यासह, भगवद्गीतेतील शहाणपणाची कल्पना आधुनिक कल्पनांशी ताडून पाहिली. साम्य पुष्कळ आढळले. मात्र वासनांवरील ताबा आणि भौतिक सुखांचा त्याग यांवर गीतेचा जो भर आहे, तो आधुनिक मांडणीत नव्हता. जेस्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली तयार केलेल्या २४ विधानांच्या चाचणीत निर्णयक्षमता हा एक घटक आहे. घरातल्या थोरांना विचारल्याशिवाय पाऊल न उचलणारी व्यक्ती त्यात कमी पडू शकते, आणि तिच्या घरचे मात्र याच गुणासाठी तिला समंजस म्हणत असतील.

बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत पाउल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी वाट धरली. त्यांनी माणसांपुढे एखादा पेच ठेवला, त्यांना मोठ्याने विचार करायला लावले आणि प्रशिक्षित परीक्षकांकडून ते बोलणे पाच निकषांवर तपासून घेतले. मला ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. तिथला एक पेच असा होता : पंधरा वर्षांच्या मुलीला ताबडतोब लग्न करायचे आहे, तर कशाकशाचा विचार करावा? ‘छे, हे सर्वस्वी चूक आहे’ एवढेच सांगणाऱ्याला कमी गुण मिळत. मुलगी गंभीर आजारी असेल, अनाथ असेल किंवा वेगळ्या संस्कृतीत राहत असेल, असा विचार करणाऱ्याला अधिक. आता हाच पेच महाराष्ट्रातल्या एखाद्या अंगणवाडी सेविकेपुढे ठेवून पाहा. मुलीच्या विवाहाचे वय कायद्याने १८ आहे आणि बालविवाह प्रत्यक्ष थांबवणे तिच्या कामाचा भाग आहे. तिचा ठाम नकार अनुभवातून आलेला असतो, परंतु निकषपत्रिकेला तो संकुचित वाटण्याचा धोका आहे. केवळ अचूक भाषांतराने ही अडचण दूर होत नाही, कारण पेचातली परिस्थितीच बदललेली असते.

तरीही देशोदेशींची तुलना निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. इगोर ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली २५ ते ७५ वयाच्या अमेरिकी आणि जपानी लोकांना व्यक्तींमधील आणि गटांमधील संघर्षांच्या गोष्टी वाचायला दिल्या आणि पुढे काय होईल, का होईल, हे विचारले. दुसऱ्याची बाजू पाहणे, आपल्या माहितीच्या मर्यादा ओळखणे, तडजोड शोधणे यांवर उत्तरे तपासली. अमेरिकी लोकांत वयाबरोबर गुण वाढत गेले. जपानी लोकांत तसे फारसे झाले नाही, कारण तिथले तरुण आणि मध्यमवयीन लोक मुळातच अमेरिकी समवयस्कांच्या पुढे होते. एका देशातला वयाचा आलेख दुसऱ्या देशाला लावू नये, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. आपल्याला आणि भाच्याला मिळालेल्या गुणांत तर वय, देश आणि प्रश्नावलीची भाषा अशा तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि केवळ दोन उत्तरपत्रिकांवरून त्या वेगळ्या काढता येत नाहीत.