पुण्यात कॉन्सर्टच्या साउंडचं काम पूर्णवेळ धरावं का?

धरा, पण चार महिने हाताशी काम नसेल असा हिशेब करूनच. मी बारा वर्षं इथे स्टेज मॉनिटर, म्हणजे कलाकाराला स्वतःचा आणि साथीचा आवाज ऐकवणारे स्पीकर, सांभाळतोय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उसंत मिळत नाही: सवाई गंधर्व महोत्सव, कॉलेजांची गॅदरिंग, लग्नातले संगीत, लॉन्सवरचे मोठे शो. पावसाळ्यात मैदानं बंद. गणपतीत काय ती कमाई. पैसे शोमागे ठरतात आणि बऱ्याचदा दीड-दोन महिन्यांनी हातात येतात, म्हणून निम्मे आगाऊ घेतल्याशिवाय ट्रक भरू देऊ नका. उघड्यावर साधारणपणे रात्री १० ला स्पीकर बंद करावे लागतात. तुमचं काम तिथे संपत नाही. चिखलाने माखलेली केबल पुसत, गुंडाळत दोन वाजतात. कानांना जपा, इअरप्लग पहिल्या दिवसापासून. एवढं सोसूनही मी टिकलो, कारण गायक षड्ज लावतो, तंबोरा त्याला हवा तसा ऐकू येतो आणि तो आपल्याकडे बघून मान हलवतो, तेव्हा दिवसभराचा शीण उतरतो. हे सगळं फ्रीलान्स कामाचं. नाट्यगृहात किंवा साउंड कंपनीत पगारावर असाल तर पैशाची ओढाताण बरीच कमी.