शहरातल्या बागेत, मोकळ्या प्लॉटवर कुणी न लावलेली झाडं उगवतात, ती खरंच पक्ष्यांमुळे का?

बऱ्याचदा हो. पण पक्षी काय खातो याच्याइतकंच तो खाऊन कुठे बसतो, हे बघा.

मी जळगावचा. आमच्याकडे निंबोळ्या पिकतात ज्येष्ठ-आषाढात. कोकीळ, साळुंक्या, कावळे त्यावर तुटून पडतात आणि मग विजेच्या तारेवर नाहीतर कंपाउंडवर बसून बिया ओकतात किंवा शिटतात. म्हणून निंबाची रोपं प्लॉटच्या मधोमध कमी, तारेखाली आणि कुंपणाच्या कडेने जास्त. निंबाच्या बीची उगवणशक्ती काही आठवड्यांतच जाते, पण तोवर पाऊस लागलेला असतो.

सगळेच पक्षी पेरणी करतात असं मात्र नाही. पोपट बी फोडून खातो, पारव्याच्या पोटातल्या पेषणीत दाण्याचं पीठ होतं. बुलबुल आणि तांबट कामाचे. मऊ फळं गिळतात आणि बारीक बिया थोड्याच वेळात शाबूत बाहेर टाकतात. आमच्या जळगावातल्या मेहरूणचं बोर बुलबुलच्या चोचीत मावत नाही. तो टोचून गर खातो, आठळी झाडाखालीच पडते.

मला सगळ्यात भारी वाटतं ते चंदन. त्याची काळी-जांभळी फळं बुलबुल, कोकीळ आवडीने खातात. चंदनाला लहानपणापासून दुसऱ्या झाडाच्या मुळांचा आधार लागतो, मुळं मुळांना चिकटवून ते तिथून रस ओढतं. आता पक्षी शिटतो कुठे? निंबावर बसून. बी नेमकं निंबाच्या बुडाशी! आमच्या कॉलनीत कुंपणालगतच्या निंबाखाली अशी चंदनाची रोपं आहेत, कुणी लावलेली नाहीत.

हेच पक्षी घाणेरीही पसरवतात आणि पिंपळाचं मोहरीहून बारीक बी तुमच्या टाकीच्या भेगेतही टाकतात, तिथे तो लहान असतानाच उपटा. आंब्यावरचं बांडगूळ ही फुलटोच्याची कृपा: बी इतकं चिकट, की त्याला ते फांदीला पुसूनच काढावं लागतं.

बाग रोज झाडून, खुरपून चकाचक ठेवणाऱ्यांना ही फुकटची रोपं कधी दिसत नाहीत, मग दरवर्षी नर्सरीचं बिल. तुमच्या प्लॉटवर पक्ष्यांना बसायला एखादी वाळकी फांदी रोवा, खाली उगवेल त्यातलं निंब, उंबर ठेवा, घाणेरी काढा, आणि बकऱ्यांपासून वाचवायला बाभळीच्या काट्या लावा. पहिले दोन उन्हाळे पाणी घालावं लागेल, ते काही पक्षी घालणार नाहीत.