नवं सरकारी मेडिकल कॉलेज की पुण्याजवळचं जुनं खासगी? प्रेफरन्समध्ये वर कोणतं ठेवू?

तुम्ही लिहिलंय की घर परभणीत, वडील शिक्षक, आणि मार्क बघता पुढच्या फेरीत हिंगोलीचं सरकारी किंवा पुण्याजवळचं वर्षाला दहा लाख फीचं खासगी, यांतलं कुठलंही लागू शकतं. नातेवाईकांचं म्हणणं, नव्या कॉलेजात शिकवायलाच कुणी नाही, सरळ पुण्याला जा. मी हिंगोली वर ठेवलं असतं. आणि त्याच्याही वर नांदेड, लातूर, अंबाजोगाई, मार्क पुरोत न पुरोत. वाटप आधी मेरिटने होतं आणि मग तुमच्या पसंतीक्रमाने, त्यामुळे न लागणारं कॉलेज वर टाकल्याने खालचं हातचं जात नाही. 'वरचे वाया गेले' हा गैरसमज दरवर्षी कुणाला तरी नडतो.

पैशाचं आधी बोलतो, कारण घरात त्यावर मोकळेपणाने बोललं जात नाही. साडेचार वर्षांची फी पंचेचाळीस लाख. वर हॉस्टेल, मेस, पुस्तकं. साडेसात लाखांच्या वर बँक साधारणपणे तारण मागते, म्हणजे घर किंवा शेत. दहा टक्के व्याज धरलं तरी पंचेचाळीस लाखांवर महिन्याला सदतीस हजारांच्या आसपास नुसतं व्याज होतं. हप्ते सहसा कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, आणि नेमक्या त्याच काळात तुम्ही नीट पीजीची, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची, तयारी करत असता. हवी ती ब्रँच पहिल्याच प्रयत्नात मिळणारे थोडे. बाकीचे वर्ष-दोन वर्षं घरी बसून अभ्यास करतात. हप्ता चालू असला की हे घरी बसणं जमत नाही. मिळेल ती ब्रँच घ्यावी लागते, नाहीतर एखाद्या नर्सिंग होममध्ये आरएमओ, म्हणजे पगारी ड्युटी डॉक्टर, म्हणून रात्रपाळ्या कराव्या लागतात. माझ्या ओळखीतली हुशार मुलं अशी अडकलेली आहेत. एमबीबीएसला घेतलेल्या कर्जाची किंमत खरं तर पीजीच्या वेळी मोजावी लागते.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, फेरीतून मिळालेल्या खासगी सीटलाही ते लागू आहे, अभिमत विद्यापीठांना नाही. तुम्ही यात बसत असाल तर माझा वरचा सगळा परिच्छेद खोडून टाका. पण वडील अनुदानित शाळेत आणि नोकरी जुनी असेल तर उत्पन्न बहुधा आठच्या पुढे गेलेलं असतं. दाखला पाहून ठरवा, अंदाजावर नको.

आता शिकवण्याचं. हिंगोलीचं कॉलेज २०२४ मध्ये राज्यात एकदम सुरू झालेल्या दहा सरकारी कॉलेजांपैकी एक, शंभर सीटचं. अशा ठिकाणी सुरुवातीची वर्षं विस्कळीत जातात हे खरंच आहे. इमारत तात्पुरती, काही शिक्षक दुसऱ्या कॉलेजातून डेप्युटेशनवर, लायब्ररीत पुस्तकं यायची असतात. सीनियर कमी, म्हणजे नोट्स आणि 'हा सर काय विचारतो' ही पिढीजात माहितीही कमी. पीजी रेसिडेंट, म्हणजे पीजी करणारे निवासी डॉक्टर, नसतात, आणि वॉर्डात रात्री दोन वाजता शिकवतो तो रेसिडेंटच, प्रोफेसर नव्हे. हे नुकसान मी लहान मानत नाही.

पण पेशंट? जिल्हा रुग्णालयात ते पहिल्या दिवसापासून असतात. बाळंतपणं, सर्पदंश, फवारणीचं औषध प्यायलेला माणूस, मोटरसायकलचे अपघात, टीबी. मी मराठवाड्यातल्याच जुन्या सरकारी कॉलेजात शिकलो. फवारणीच्या विषबाधेत देतात ते ॲट्रोपिन कधी वाढवायचं आणि कधी थांबवायचं हे मला पुस्तकाने नाही, कॅज्युअल्टीने शिकवलं. रेसिडेंट नसले की टाका घालायची पाळी तुमच्यापर्यंत लवकर येते. शिक्षक पुढच्या दोन वर्षांत येऊ शकतात, इमारतही होईल. रिकाम्या वॉर्डात पेशंट आणणं फार अवघड. काही खासगी कॉलेजांत मान्यतेच्या तपासणीच्या आधी शिबिरं लावून खाटा भरतात, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. सगळीच तशी नाहीत. काही खासगी हॉस्पिटलं खरोखर तुडुंब चालतात आणि तिथला अभ्यास उत्तम होतो. तुमचं कॉलेज कुठल्या गटातलं, हे ब्रोशरवरून कळणार नाही.

म्हणून दोन्हीकडे जाऊन या. सोमवारी सकाळी दहाला केसपेपरच्या खिडकीसमोरची रांग बघा. दुपारी चारला मेडिसिनच्या वॉर्डातून चालत जा: शंभर सीटला नियमाने ४२० खाटा लागतात, पण खाटेवर माणूस आहे का ते बघा. लेबर रूमच्या सिस्टरला विचारा महिन्याला किती डिलिव्हरी होतात. त्या खरं सांगतात. मुलांना विचारा, डिसेक्शनला एका बॉडीवर किती जण असतात आणि ॲनाटॉमीला कायमचा शिक्षक आहे का. खासगीत शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी आणि प्रत्यक्ष मागतात ती, दोन्ही शेजारी ठेवून बघा. इंटर्नना विद्यावेतन खरोखर खात्यात पडतं का, हेही इंटर्नलाच विचारा, ऑफिसात नको.

पदवीची काळजी नको. तुमचं खासगी अभिमत नाही, त्यामुळे दोन्हीकडे नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचीच पदवी आणि तोच पेपर. सरकारी सीटला पदवीनंतर एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड आहे, न केल्यास दहा लाख दंड. तो करून टाका, पगार मिळतो.

हिंगोलीला सोमवारी गेलात आणि ओपीडीच ओस दिसली, तर मला इथेच कळवा, मी मत बदलेन. पुण्याची मात्र मंजूर फी लेखी हातात आल्याशिवाय फॉर्म लॉक करू नका.