सह्या फेब्रुवारीत, नोंदणी नाही, आणि उरले बारा दिवस

प्रश्न : पुण्यात जुन्या इमारतीतला फ्लॅट ७२ लाखांना ठरवला. ११ लाख चेकनं दिले. १७ फेब्रुवारीला मुद्रांक शुल्क ५ लाख ४ हजार आणि नोंदणी फी ३० हजार ऑनलाइन भरली. १८ फेब्रुवारीला मालकांच्या घरीच करारनाम्यावर सह्या केल्या. त्यांच्या पत्नी गावी होत्या, त्यांची सही २६ तारखेला झाली. मालकांच्या बँकेकडून कागद यायचे होते म्हणून नोंदणी पुढं ढकलली. आता मालक म्हणतात भाव वाढले, सहा लाख वाढवून द्या. फोनही उचलत नाहीत. एजंटचं म्हणणं, विकणारा आल्याशिवाय काही होत नाही, मुद्रांकाचे पैसे परत घ्या आणि विषय सोडा. दुसऱ्या एकानं सुचवलं की पहिलं पान बदलून तारीख पुढची टाका. काय करावं? (एक वाचक, पुणे, ६ जून)

उत्तर : अशी पत्रं दर महिन्याला येतात. गावं आणि रकमा बदलतात, चूक तीच असते. सह्या घरी चहाच्या टेबलावर होतात आणि नोंदणी 'बँकेचे कागद आले की' होणार असते. तुमच्या पत्रात भाव, एजंट, मालकाचा मुलगा, सोसायटीचा सचिव असं बरंच आहे. त्यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते एकच, १८ जून.

नोंदणी अधिनियम १९०८ चं कलम २३ सांगतं की दस्त निष्पादित झाल्यापासून, म्हणजे सही झाल्यापासून, चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर झाला पाहिजे. ही मुदत मुद्रांक भरल्याच्या दिवसापासून किंवा बँकेचं मंजुरीपत्र आल्यापासून मोजत नाहीत. तुमची सही १८ फेब्रुवारीची, म्हणून शेवटचा दिवस १८ जून. मालकांच्या पत्नीची सही उशिरा झाली असल्यानं कलम २४ खाली तिच्यापुरते चार महिने २६ फेब्रुवारीपासून मोजता येतील, पण त्यावर विसंबू नका. पतीच्या हिश्शाचा प्रश्न त्यानं सुटत नाही.

आता एजंटच्या वाक्याकडे येतो, कारण सगळा घोळ तिथं आहे. 'विकणारा आल्याशिवाय नोंदणी होत नाही' हे अर्धंच खरं आहे. नोंदणी पूर्ण होत नाही, पण दस्त सादर करता येतो. सादर करणं आणि कबुली देणं, म्हणजे लिहून देणाऱ्यानं अधिकाऱ्यासमोर दस्त मान्य करणं, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. हाताशी कुठलाही नोंदलेला दस्त असेल तर शेवटची पानं उलटून बघा : सादरीकरणाचा शिक्का, फीचा शिक्का, कबुलीचा शिक्का, प्रत्येकाची वेळ वेगळी छापलेली असते. एरवी या वेळांत पाचदहा मिनिटांचं अंतर असतं, म्हणून लोकांना ते एकच काम वाटतं. कलम ३२ प्रमाणे दस्त लिहून देणाऱ्यानं सादर केला तरी चालतो आणि त्या दस्ताखाली हक्क सांगणाऱ्यानं, म्हणजे लिहून घेणाऱ्यानं, केला तरी चालतो. तुम्ही आणि तुमच्या पत्नी दोघे खरेदीदार असाल तर दोघांपैकी एकानं गेलं तरी पुरे. कलम २३ ची चार महिन्यांची मुदत या सादरीकरणाची आहे. विकणाऱ्यानं यायचं की नाही हा त्यानंतरचा भाग.

म्हणून उद्याचं पहिलं काम : करारनाम्याची मूळ प्रत ताब्यात घ्या. ती एजंटकडे आहे असं तुम्ही लिहिलंय. पाच लाखांचा मुद्रांक लागलेला, दोघांच्या सह्यांचा एकमेव कागद दलालाच्या कपाटात साडेतीन महिने का होता, हे विचारून आता उपयोग नाही. सादर मूळ दस्तच करावा लागतो, झेरॉक्स चालत नाही.

मग नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्ताची माहिती भरा, चलनाचा क्रमांक जोडा आणि हवेली तालुक्याच्या ज्या दुय्यम निबंधक (नोंदणी अधिकारी) कार्यालयात तुमचा दस्त नोंदवता येतो तिथली वेळ घ्या. १० किंवा ११ जूनची घ्या; १७ ची घेऊ नका. सर्व्हर बंद पडला, लाइट गेली, साहेब रजेवर असले की कायदा तुमच्यासाठी थांबत नाही. शेवटच्या दिवशी कार्यालयाला सुट्टी असेल तर पुढचा कामाचा दिवस मिळतो, पण सर्व्हर बंद असणं म्हणजे सुट्टी नव्हे.

त्याच दिवशी मालक आणि त्यांची पत्नी, दोघांना स्वतंत्र नोटीस पाठवा. स्पीड पोस्टानं, सोबत ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही. नोटिशीत कार्यालयाचं नाव, तारीख, वेळ, आणि 'आम्ही दस्त सादर करत आहोत, कबुलीसाठी हजर राहा' एवढंच पुरे. दोन पानांचं भाषण नको. उरलेली रक्कम द्यायला तुम्ही तयार आहात, कर्ज मंजूर आहे, हे एका ओळीत मात्र जरूर लिहा. ती ओळ पुढं कोर्टात लागेल.

कार्यालयात काय होईल हेही आधीच सांगून ठेवतो. खिडकीवरचा माणूस म्हणेल, 'सगळ्या पार्टी आणा, नाहीतर घेता येत नाही.' वाद घालू नका आणि परतही फिरू नका. दुय्यम निबंधकांच्या नावानं लेखी अर्ज द्या : कलम ३२ खाली दस्त सादर करत आहे, सादरीकरणाची नोंद घ्यावी, आणि कलम ३६ खाली लिहून देणाऱ्यांना समन्स काढावं. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. समन्स काढणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याची फी तुम्हालाच भरावी लागते, आणि बरेच अधिकारी ते टाळतात. पण अर्ज नोंदलेला असणं हीच तुमची ढाल. दस्त घ्यायलाच नकार दिला तर नकार लेखी मागा. कलम ७१ प्रमाणे नोंदणी नाकारताना कारणं पुस्तक क्रमांक २ मध्ये लिहावी लागतात, दस्तावर 'नोंदणी नाकारली' असा शेरा मारावा लागतो, आणि मागितल्यास कारणांची प्रत विनाशुल्क, विनाविलंब द्यावी लागते. तोंडी नकार घेऊन घरी आलेल्या माणसाकडे अपिलात दाखवायला काहीच नसतं. लेखी देत नसतील तर घडलेली हकिगत त्याच दिवशी सह जिल्हा निबंधकांना पत्रानं कळवा.

इथून पुढं तीन शक्यता. मालक आले आणि कबुली दिली तर प्रश्नच मिटला. 'सही माझीच, पण आता विकायचं नाही' असं म्हणाले तरी निष्पादन कबूल आहे, आणि व्यवहार योग्य की अयोग्य हे ठरवणं दुय्यम निबंधकाचं काम नाही. दुसरी शक्यता जास्त चलाख वकिलाची : 'सही माझी आहे, पण मजकूर समजून घेऊन केलेली नाही.' वीणा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं की नुसती सही कबूल करणं म्हणजे निष्पादन, म्हणजे मजकूर समजून-मान्य करून केलेली सही, कबूल करणं नव्हे. असं म्हटलं की दुय्यम निबंधकाला कलम ३५ खाली नोंदणी नाकारावी लागते. तिसरी शक्यता सगळ्यात जास्त घडते : मालक येतच नाहीत. हजर राहायची मुदत संपल्यावर त्यांच्या बाबतीतही नोंदणीला नकारच येतो, आणि जाणूनबुजून गैरहजर राहणं हे निष्पादन नाकारण्यासारखंच, असं न्यायालयांनी अनेकदा मानलं आहे.

नकार आला की कलम ७३ खाली तीस दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अर्ज. ते कलम ७४ खाली चौकशी करतात, साक्षीदार बोलावू शकतात, आणि दस्त खरोखर निष्पादित झाला असं आढळलं तर नोंदणीचा आदेश देतात. आदेशानंतर पुन्हा तीस दिवसांत दस्त सादर करायचा. त्यांनीही नाकारलं तर कलम ७७ खाली दिवाणी दावा, तोही तीस दिवसांत. या तीस दिवसांत सूट मिळेल असं धरून चालू नका. सह्या करताना हजर असलेले दोन साक्षीदार, चेकच्या नोंदी असलेलं बँक स्टेटमेंट, 'भाव वाढलेत, सहा लाख द्या' हा मालकांचा संदेश, सगळं आजच बाजूला काढा. संदेशाची प्रत कोर्टात लावायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल, म्हणून तो फोन विकू नका, बदलू नका.

१८ जून हुकला तर? कलम २५ आणखी चार महिने देतं, पण नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड. तुमची फी ३० हजार, म्हणजे दंड तीन लाखांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय विलंबाचं कारण 'तातडीची निकड किंवा टाळता न येणारा अपघात' असं असावं लागतं. बँकेचे कागद यायचे होते, हे त्यात बसेल असं मला वाटत नाही.

मुद्रांक परत घेण्याचा सल्ला ऐकू नका, निदान आत्ता नको. त्यात एक खोच आहे जी एजंटला बहुधा माहीत नाही. सह्या झालेल्या दस्ताचा मुद्रांक परत मागायचा तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाखाली मूळ दस्त रद्द करण्यासाठी स्वाधीन करावा लागतो, आणि तो दस्त पुराव्यात येईल अशी कुठलीही कार्यवाही सुरू झालेली नसावी लागते. म्हणजे परतावा मागितला की तुमच्या हातातला एकमेव कागद तुम्हीच सरकारजमा केला. फ्लॅट सोडायचाच असं ठरलं तर सहा महिन्यांची मुदत ध्यानात ठेवा, ती ऑगस्टच्या मध्यात संपते. दोन्ही वाटांवर एकेक पाय ठेवता येणार नाही.

पान बदलून तारीख पुढं टाकण्याबद्दल एवढंच की तो बनावट दस्त होईल, आणि आज तक्रारदार असलेले तुम्ही उद्या आरोपी व्हाल. चलनावर १७ फेब्रुवारी, दस्तावर मे महिना. वेगळं फोरेन्सिक लागणारही नाही. मालक राजी असतील तर जुना दस्त जोडून नवं पुष्टीपत्र नोंदवण्याचा सरळ मार्ग आहे, पण राजी मालक असते तर तुम्ही मला लिहिलं नसतं.

नोंदणीचा एवढा अट्टाहास कशासाठी, असं तुम्ही पत्रात विचारलंय. करार तर झालाच आहे ना? करार झालाय, आणि नोंदणी नसली तरी कराराच्या विनिर्दिष्ट पूर्ततेच्या, म्हणजे करार ठरल्याप्रमाणे पुरा करून घेण्याच्या, दाव्यात तो पुराव्यात घेता येतो, नोंदणी अधिनियमाच्या कलम ४९ चं परंतुक तसं सांगतं. पण त्या दाव्यात तुमचा खरा शत्रू हा मालक नसून तिसरा खरेदीदार आहे. मालकानं उद्या हाच फ्लॅट ७८ लाखांना दुसऱ्याला विकला, त्यानं पैसे मोजले, खरेदी नोंदवली आणि तुमच्या कराराची त्याला कल्पना नव्हती, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम १९ त्याला संरक्षण देतं. तुम्हाला पैसे परत मिळतील, घर नाही. नोंदलेला करार मात्र सूची क्रमांक २ मध्ये दिसतो. नोंदणी ही जगाला दिलेली सूचना मानली जाते, आणि पुढच्या खरेदीदाराचा वकील शोध घेताना तिथंच अडतो. असा फ्लॅट दुसऱ्याला घ्यायला बँका सहसा कर्ज देत नाहीत. फ्लॅट तुमच्याशिवाय विकला जाणं अवघड होतं, आणि बहुतेक मालक याच टप्प्यावर बोलायला येतात.

दावा लावायचाच झाला तर मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ५४ प्रमाणे तीन वर्षं आहेत, पण ती वापरू नका. उशीर केलेल्या वादीकडे कोर्ट संशयानं बघतं. कर्जाचं मंजुरीपत्र कालबाह्य होऊ देऊ नका, कारण तुम्ही तयार आणि राजी होता हे सतत दाखवावं लागतं. पर्यायी मागणी म्हणून ११ लाख व्याजासह परत, हे दाव्यातच लिहायला सांगा. मागितलं नाही तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २२ खाली ते मिळत नाही. दावा दाखल होताच प्रलंबित दाव्याची नोटीस नोंदवा. २०१८ च्या दुरुस्तीनं असा दावा समन्स बजावल्यापासून बारा महिन्यांत, फार तर आणखी सहा महिन्यांत, निकाली काढायचा असं कायद्यात लिहून ठेवलंय. पुण्याच्या दिवाणी कोर्टात बारा महिन्यांत वादाचे मुद्दे ठरले तरी पेढे वाटा.

सहा लाखांबद्दल. देऊ नका असं मी ठामपणे सांगणार नाही. वर्षानुवर्षांच्या दाव्याचा खर्च आणि मनस्ताप तुमचा तुम्ही मोजायचा आहे. द्यायचे ठरवलेच तर ते करारात येऊ द्या, त्यावर आणखी ४२ हजार मुद्रांक भरा, आणि रक्कम चेकनं, कबुलीचा अंगठा उठल्यावरच द्या. रोख नको. व्यवहार ५० लाखांच्या वर असल्यानं, मालक भारतात निवासी असतील तर, प्रत्येक हप्त्यावर १ टक्का टीडीएस कापायचा आहे; ११ लाखांवर तुम्ही तो कापल्याचं पत्रात दिसत नाही, तेही तपासा.

मालकांच्या बँकेचा बोजा, मूळ कागदांची यादी, सोसायटीचा दाखला हे सगळं १८ जूननंतरही होईल. करारातलं रद्द करण्याचं कलम मात्र पाहिल्याशिवाय मी काही बोलणार नाही. त्यात मालकाला नोटीस देऊन करार संपवायचा हक्क असेल तर सल्ला थोडा बदलेल. मूळ प्रत हाती आली की ते कलम आधी वाचा, आणि सोमवारी कार्यालयाची वेळ घ्या.