तिन्ही फिल्टर बसतात, मग घेऊ कुठला?

गेल्या अंकात ऑइलच्या ग्रेडवर लिहिलं आणि पत्रं आली ती सगळी ऑइल फिल्टरवर. त्यातली चार घेतलीत. पहिल्या उत्तराला जरा जास्त जागा गेलीय, कारण तोच प्रश्न बाकीच्यांनीही आडवळणाने विचारलाय.

प्रश्न: काका, बाबांची २०१४ ची वॅगन आर आहे, पेट्रोल, ७८ हजार किलोमीटर झालीय. सर्व्हिस सेंटरला नेणं आता बंद केलंय, ओळखीच्या मेकॅनिककडे ऑइल बदलतो आणि सामान मीच आणून देतो. या वेळी दुकानदाराने काउंटरवर तीन फिल्टर ठेवले, एक गाडीच्या कंपनीचा ओरिजिनल, एक नावाजलेल्या ब्रँडचा आणि तिसरा ६० रुपयांचा, नाव कधी ऐकलेलं नाही. म्हणाला तिन्ही बसतात, कुठलाही घ्या. बाबा म्हणतात ६० वाला घे, शेवटी पत्र्याचा डबाच ना तो. काय करू? आणि थोडा मोठा फिल्टर लावला तर जास्त चांगलं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: बाबांचं अर्धं बरोबर आहे, डबा पत्र्याचाच असतो, पण पैसे आतल्या मालाचे असतात आणि तो दुकानात दिसत नाही ही खरी गोची. दुकानदार ‘बसतो’ म्हणतो त्याचा अर्थ एवढाच, की आटे जुळतात आणि रबर रिंग टेकायच्या जागी टेकते. मोठ्या भावाची चप्पल पण बसतेच की पायात.

मागे एकदा मी याच साइजचे दोन वापरलेले फिल्टर टेबलाच्या व्हाइसमध्ये (लोखंडी पकडीत) धरून हॅक्सॉने कापले, एक चांगला आणि एक असाच बिननावाचा. चांगल्यातला कागद एकसारख्या घड्यांचा, पन्नासच्या वर घड्या, दोन्ही टोकांना नीट चिकटवलेला, बोटाने दाबला तरी हलत नव्हता. दुसऱ्यात मोजून ३४ घड्या, त्यातल्या चार-पाच एकमेकींना चिकटून बसलेल्या आणि एका टोकाला कागद आणि पत्रा यांच्यात नख जाईल एवढी फट. म्हणजे ऑइलला कागदातून जायची गरजच नाही, फटीतून आलं तसं निघून जाणार. बरं हे गाडी चालवताना कळत नाही, दिवा लागत नाही, आवाज येत नाही, बेअरिंग मात्र हळूहळू झिजत राहतात आणि चार वर्षांनी इंजिनचं काम निघालं की आपण म्हणतो गाडी जुनी झाली.

कागदाशिवाय आत अजून दोन गोष्टी असतात ज्या कोणी बघत नाही. एक बायपास व्हॉल्व्ह. थंडीत ऑइल जाड असतं किंवा कागद चोंदला तर त्यातून ऑइल पुढे सरकत नाही, तेव्हा हा व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं का होईना पण ऑइल इंजिनला मिळतं, कारण कोरडं इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकतं आणि थोडं मळकं ऑइल त्यापेक्षा कधीही परवडलं. किती प्रेशरला उघडायचं ते इंजिनप्रमाणे ठरलेलं असतं. हलक्या मालात स्प्रिंग ढिली असली की तो उठसूट उघडा राहतो, मग फिल्टर असून नसल्यासारखाच. (काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतो, तिथे फिल्टरमध्ये तो नसणं हे बरोबरच.) दुसरी गोष्ट म्हणजे इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल खाली चेंबरमध्ये परत जाऊ नये म्हणून बसवलेली रबराची चकती. फिल्टरच्या तोंडाकडे बघा, मधल्या आट्याच्या भोकाभोवती छोटी भोकं असतात, त्यातून डोकावलं की ती दिसते. काळी असेल तर साधारण नायट्राइल रबर, केशरी किंवा लालसर असेल तर बहुतेक सिलिकॉन, जे गरम-थंड होऊन लवकर कडक पडत नाही. काळी म्हणजे वाईट असं नाही हं, वर्षाला किंवा १० हजार किलोमीटरला फिल्टर बदलणाऱ्याला चांगल्या प्रतीचं काळं रबर पुरतं. मी कापलेल्या त्या स्वस्तातल्या फिल्टरची चकती मात्र पुठ्ठ्यासारखी झाली होती, दुमडली तर मोडली.

तर निकाल असा की पहिल्या दोनमधला कुठलाही घ्या, तिसरा दुकानदाराला परत द्या. ओरिजिनल आणि नावाजलेला ब्रँड यात मी स्वतः फार भेद करत नाही, कारण गाडीची कंपनी सहसा स्वतः फिल्टर बनवत नाही, फिल्टरवालेच तिला बनवून देतात. फक्त गाडी वॉरंटीत असेल तर ओरिजिनलच घ्या, बिल फाइलला लावून ठेवा, उगाच नंतर वाद नको. तुमची वॉरंटी केव्हाच संपलीय. हिशोब पण बघा, तीन लिटरच्या आसपास ऑइल लागतं, तेच हजार-दीड हजाराच्या घरात जातं, त्यावर फिल्टरमध्ये शंभर रुपये वाचवणं म्हणजे पैठणी घेऊन फॉल लावायला कंजुषी.

आता निवडायचं कसं. गाडीचं नाव सांगून फिल्टर मागू नका, इंजिन सांगा, त्याहून बरं म्हणजे आरसीवरचा १७ अक्षरी चेसिस नंबर घेऊन जा. कंपनीच्या पार्ट काउंटरला त्यावरून नेमका पार्ट नंबर काढून देतात, तो एकदा लिहून ठेवला की पुढे पुण्यात नाना पेठेत पार्टच्या दुकानांत जा नाहीतर ऑनलाइन मागवा, दुसऱ्या ब्रँडच्या कॅटलॉगमध्ये त्याच्या समोरचा नंबर शोधायचा. नावावर गेलं की काय होतं बघा, ग्लान्झा ही टोयोटा म्हणून विकली जाते पण आतून ती बलेनोच आहे, म्हणजे इंजिन सुझुकीचं. टोयोटाच्या बऱ्याच इंजिनांना फिल्टरचे आटे पाऊण इंची असतात, इंचाला १६ आटे, आणि सुझुकीला साधारण २० मिलिमीटर, दीड पिच (म्हणजे दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर). पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. फरक एका मिलिमीटरच्याही आतला, म्हणून तर धोका जास्त. २० चा फिल्टर पाऊण इंची नळीवर फिरत फिरत चढतो, रबर दाबलं गेलं की घट्ट झाल्यासारखा वाटतो, आणि आट्यांची पकड नसल्यामुळे हायवेवर प्रेशर आलं की निसटू शकतो. म्हणून नवा फिल्टर आधी हाताने लावून बघायचा. लडबडत चढत असेल किंवा अर्ध्यावरच अडकत असेल तर थांबा, पाना लावून जबरदस्ती नको.

जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून रबर रिंगचा घेर आणि जाडी पण जुळवा. मोठ्या फिल्टरचं विचारलंत, तर त्यात फरक एवढाच की कागद थोडा जास्त आणि ऑइल जेमतेम पाव लिटर जास्त. पण बायपासचं प्रेशर वेगळं असेल किंवा खालून दगड लागेल एवढा तो लोंबला तर फायद्यापेक्षा तोटा मोठा. मी लावत नाही.

खोक्यावर ‘९९ टक्के फिल्ट्रेशन’ असं ठळक छापलेलं असतं त्याला भुलू नका. किती मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण ते सांगितलं तर त्या ९९ ला अर्थ, नाहीतर वाळूचे खडे पीठ चाळायची चाळणी पण ९९ टक्के अडवते. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, आणि बेअरिंगला त्रास देणारे कण त्याच्या कितीतरी खाली, २० मायक्रॉन आणि त्याहून बारीक. आयएसओ ४५४८-१२ या चाचणीचा उल्लेख आणि सोबत मायक्रॉनचा आकडा असेल तर कंपनीने निदान मोजलंय तरी.

ओरिजिनलच्या खोक्यात डुप्लिकेट पण मिळतो, त्यामुळे एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठीचा पत्ता छापलेला आहे का बघा, छपाई फिसकटलेली नको, आट्यांत लोखंडाचा कीस नको. बिल मागितल्यावर दुकानदाराचा चेहरा पडला तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

आणि लावताना मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतोय. गॅरेज नवीन होतं तेव्हा एका गिऱ्हाइकाचा जुना फिल्टर काढला, पण त्याची रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिली. काळ्यावर काळी, दिसलीच नाही, मी तिच्यावर नवा फिल्टर कसला. चालू करून बघितलं, थेंब नाही. ते कुटुंब साताऱ्याला निघालं आणि खंबाटकीच्या चढाला ऑइलचा लाल दिवा लागला. नशीब माणूस शहाणा, तिथल्या तिथे गाडी बंद केली, मागे रस्त्यावर ऑइलचा पट्टा. मी इथून ऑइलचा डबा आणि फिल्टर घेऊन टेम्पोने गेलो, वहिनी गाडीत बसून होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. तेव्हापासून जुना फिल्टर काढला की आधी त्याची रिंग त्याच्यासोबत आलीय का ते बघतो, मग बसायची जागा फडक्याने पुसतो, नव्या रिंगला बोटाने ताजं ऑइल लावतो, आणि रिंग टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरा. पाना फक्त काढायला. नेमके किती फेरे ते फिल्टरवर छापलेलं असतं, तिथे वेगळं असेल तर ते खरं.

प्रश्न: आमची स्विफ्ट डिझेल आहे, २०१६ ची. या वेळी समोर उभी राहून काम करून घेतलं तर मेकॅनिकने पत्र्याचा फिल्टर लावलाच नाही, नुसती कागदाची गोल घडी आत टाकली आणि प्लास्टिकचं झाकण लावलं. फसवलं का मला? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नाही ताई, बरोबर केलंय. तुमचं इंजिन मुळात फियाटचं १.३ मल्टिजेट. स्विफ्ट, डिझायर, पुंटो, इंडिका व्हिस्टा, किती गाड्यांत ते फिरलं, २०२० च्या एप्रिलमध्ये धुराचा बीएस६ नियम आला आणि मारुतीने डिझेल बंद केलं तोपर्यंत. त्याला कागदी एलिमेंटच लागतो, डबा म्हणजे ते कायमचं हाउसिंग. मला तर हा प्रकार आवडतो, एक तर कागद काय प्रतीचा ते घ्यायच्या आधी डोळ्यांनी दिसतं आणि दुसरं म्हणजे जुन्या एलिमेंटच्या घड्या उघडून बघता येतात, त्यात चमचमणारे कण दिसले तर इंजिन काहीतरी सांगतंय.

तुम्ही विचारायचं ते वेगळं, झाकणाची ओ-रिंग, म्हणजे गोल रबर रिंग, बदलली का? नव्या एलिमेंटच्या खोक्यात ती बहुतेक वेळा असते, आणि बरेच मेकॅनिक कंटाळा करून जुनीच ठेवतात, मग दोन महिन्यांनी झाकणाभोवती ऑइल पाझरतं. झाकण प्लास्टिकचं, जास्त कसलं तर तडकतं. किती कसायचं तो न्यूटन मीटरचा आकडा पुष्कळ वेळा झाकणावरच उठवलेला असतो, टॉर्क पाना (किती जोराने कसलं ते दाखवणारा) नसलेल्याने निदान हात आवरता घ्यावा. आणि याच इंजिनच्या दुसऱ्या गाडीचा एलिमेंट ‘सेमच आहे’ म्हणून घेऊ नका, हाउसिंग वेगळं असलं तर उंचीत फरक पडतो आणि दोन मिलिमीटर कमी असला तरी ऑइल वरून निसटतं.

प्रश्न: मागच्या सर्व्हिसपासून सकाळी पहिल्यांदा गाडी चालू केली की दोन-तीन सेकंद खडखड येते, मग सगळं शांत. दुपारी येत नाही. मेकॅनिक म्हणतो इंजिनच्या आतल्या टायमिंग चेनचं काम काढावं लागेल. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: आधी फिल्टर बदला, मग चेनचं बोला. आवाज फिल्टर बदलल्यानंतरच सुरू झालाय आणि रात्रभर उभी राहिल्यावरच येतोय, म्हणजे वर सांगितलेली ती रबराची चकती ऑइल धरून ठेवत नसावी. फिल्टर आडवा किंवा उलटा बसतो त्या गाड्यांत हे हमखास. ऑइल पूर्ण काढायची गरज नाही, फिल्टर तेवढा बदलायचा, पाव लिटर वगैरे सांडेल ते पट्टी बघून वरून भरायचं. दोन-तीनशे रुपयांत कळतं. त्यानंतरही खडखड राहिली तर चेन आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर बघायला लावा. तोवर सकाळी चालू केल्या केल्या रेस मारू नका, लाल दिवा विझेपर्यंत थांबा, आणि पाच-सहा सेकंदांत विझला नाही तर बंद करून टाका.

प्रश्न: बोलेरोचा एअर फिल्टर आम्ही झटकून परत लावतो, तसा ऑइल फिल्टर डिझेलमध्ये धुऊन चालेल का? नाहीतर एक सर्व्हिस सोडून बदलला तर? (एक वाचक, बार्शी)

उत्तर: धुऊन नाही. एअर फिल्टरची धूळ कोरडी आणि वरवर असते, ऑइलची घाण कागदाच्या आत रुतते, डिझेलने ती निघत नाही, उलट सुटून पुढच्या बाजूला जाते आणि तिथून थेट इंजिनात. जुन्या ट्रॅक्टरचा ऑइल-बाथ एअर क्लीनर (हवेतली धूळ ऑइलमध्ये पकडणारा) धुवायचाच असतो, त्यावरून ही सवय लागली असावी. एक सोडून एक हे मात्र अगदीच हवेतलं नाही, पूर्वी काही गाड्यांच्या पुस्तकात तसं दिलेलं असायचं. पण जुन्या फिल्टरमध्ये कपभर काळं ऑइल राहतंच आणि तुम्ही ओतलेल्या महागाच्या नव्या ऑइलमध्ये ते पहिल्याच मिनिटाला मिसळतं, शिवाय तुमच्या रस्त्यांची धूळ बघता मी तरी दर वेळी बदलेन.

काढलेला फिल्टर रात्रभर डब्यावर उलटा ठेवा, ऑइल निथळू द्या. ते काळं ऑइल कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासायची आपल्याकडे पद्धत आहे, ती विहिरीजवळ तरी नको, पावसात उतरून पाण्यातच जातं. जुन्या कॅनमध्ये साठवा आणि पुढच्या खेपेला गॅरेजवर द्या, तिथे नेणारा येतो.