ब्लॉग आणि ऑनलाइन माध्यमांमुळे बातमी, स्टार्टअप आणि वाचक यांच्यात नेमकं काय बदललं?

तुम्ही विचारलंय की ब्लॉग, न्यूजलेटर आणि पोर्टल यांनी बातमीदारी खरंच बदलली, की कागद जाऊन स्क्रीन आली एवढंच. शिवाय स्वतःचा स्टार्टअप उभा करताना बातमी यावी म्हणून पत्रकारांच्या मागे लागावं की आपणच लिहावं, असंही विचारलंय. मी ऑनलाइन माध्यमात संपादनाचं काम करते, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न रोज टेबलावर असतात.

बहुतेक लोक सगळ्यात आधी वेगाबद्दल बोलतात. माझ्या मते वेग हा या बदलातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. रेडिओ आणि टीव्हीनेही बातमी वेगवान केलीच होती. एखाद्या विषयातलं ज्याला आतून कळतं, त्याला आता चारचौघांत बोलायला संपादकाची परवानगी लागत नाही, हा खरा बदल. चांगल्या-वाईट बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्यातूनच आल्या.

8 सप्टेंबर 2004 ला अमेरिकेत सीबीएस वाहिनीच्या '60 मिनिट्स' या बातमी-कार्यक्रमाच्या बुधवारच्या आवृत्तीत राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या नॅशनल गार्ड या राखीव लष्करी दलातल्या सेवेबद्दल काही कागदपत्रं दाखवली गेली. ती 1970 च्या दशकाच्या सुरुवातीची असल्याचं सांगितलं होतं आणि त्यांच्या प्रती वाहिनीच्या वेबसाइटवरही ठेवल्या होत्या. काही तासांतच इंटरनेटवर कुणीतरी विचारलं की त्या काळच्या ऑफिसातल्या टाइपरायटरवर अक्षरांची रुंदी अशी कमीजास्त कशी काय झाली? एका ब्लॉगरने तोच मजकूर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये, कुठलीही सेटिंग न बदलता टाइप केला आणि मूळ कागदावर ठेवून दाखवला. ओळी जवळपास तंतोतंत जुळल्या. टाइपरायटर दुरुस्त करणारे, छपाईतले, लष्करी कागदपत्रं हाताळलेले असे सगळे त्यात उतरले. दोनेक आठवड्यांत सीबीएसला मान्य करावं लागलं की कागदपत्रं खरी आहेत याची खात्री देता येत नाही. पुढच्या मार्चमध्ये ती बातमी सादर करणारे डॅन रादर यांनी निवेदकाची खुर्ची सोडली.

मला यात ब्लॉगर जिंकले आणि वाहिनी हरली यापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. मूळ कागद लोकांसमोर होते म्हणून तपासणी होऊ शकली. वाहिनीने ते वेबसाइटवर टाकले नसते, तर टाइपरायटरवाल्यांना काय बघून बोलता आलं असतं?

हीच ताकद विधायक कामालाही लावता येते, हे जॉश मार्शल यांच्या 'टॉकिंग पॉइंट्स मेमो' या राजकीय ब्लॉगने 2007 मध्ये दाखवलं. अमेरिकेच्या न्याय खात्याने सरकारी वकिलांच्या बडतर्फीबद्दलची सुमारे 3000 पानं एकदम बाहेर टाकली. छोट्या टीमला ती रातोरात वाचून होणं शक्यच नव्हतं. त्यांनी वाचकांनाच सांगितलं की पानं वाटून घ्या आणि काय सापडतंय ते लिहा. वाचकांनी वाचलं, आणि ई-मेलमध्ये काही दिवसांची मोठी पोकळी आहे हेही त्यांनीच दाखवून दिलं. या कामासाठी साइटला प्रतिष्ठेचा पोल्क पुरस्कार मिळाला. इलियट हिगिन्स यांनी घरी बसून सीरियातल्या शस्त्रांचे व्हिडिओ तपासणारा ब्लॉग सुरू केला होता. त्यातूनच 2014 मध्ये 'बेलिंगकॅट' ही तपास संस्था उभी राहिली आणि एमएच17 हे प्रवासी विमान पाडणारं क्षेपणास्त्र कुठून आलं, याचा माग तिने लोकांनी टाकलेल्या फोटोंवरून काढला.

आता स्टार्टअपकडे वळते. 2005 मध्ये मायकेल आरिंग्टन यांनी टेकक्रंच हा तंत्रज्ञानविषयक ब्लॉग सुरू केला तेव्हा छोट्या, नाव नसलेल्या कंपन्यांबद्दल रोज लिहिणारं फारसं कुणी नव्हतं. मोठी वर्तमानपत्रं कंपनी मोठी झाल्यावर दखल घ्यायची. टेकक्रंचने कंपनीच्या जन्माचीच बातमी केली. संस्थापकांना ग्राहक, गुंतवणूकदार आणि नोकरीला माणसं एकाच लेखातून मिळू लागली. मग बातमी आधी कुणाला द्यायची यावरून ओढाताण सुरू झाली. ठरलेल्या वेळेआधी छापू नका अशी अट, म्हणजे एम्बार्गो, आपण यापुढे पाळणार नाही, असं आरिंग्टन यांनी 2008 च्या डिसेंबरमध्ये जाहीरच केलं. पुढे त्यांनी गुंतवणूक फंड काढला, आणि ज्या कंपन्यांबद्दल लिहायचं त्यांच्यातच पैसा लावायचा का, यावरून वाद होऊन 2011 मध्ये त्यांना टेकक्रंच सोडावं लागलं. हा पेच आजही सुटलेला नाही. आज तर गुंतवणूक कंपन्याच स्वतःची मासिकं आणि पॉडकास्ट चालवतात. वाचताना हे कोण बोलतंय आणि त्याचे पैसे कुठे गुंतलेत, हे आधी बघायची सवय लावून घ्या.

कौतुक सोपं असतं, कारण संस्थापक स्वतः माहिती आणून देतो. संशयाला वेळ लागतो. थेरानोसचं उदाहरण घ्या. बोटाच्या टोकावरच्या थेंबभर रक्तातून भरपूर चाचण्या करतो असं सांगणाऱ्या या कंपनीचं मूल्य 9 अब्ज डॉलरपर्यंत गेलं आणि बहुतेक माध्यमांनी तिचं गुणगान केलं. डिसेंबर 2014 मध्ये एका नामांकित साप्ताहिकात कंपनीच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स यांच्यावर मोठा लेख आला. तो वाचून मिसूरीतल्या एका पॅथॉलॉजिस्टला शंका आली. तो पॅथॉलॉजीवर ब्लॉग लिहायचा, त्याचे वाचकही त्याच धंद्यातले. बोटातून काढलेल्या रक्तावर हे जमतं कसं, एवढाच साधा व्यावसायिक प्रश्न त्याने लिहिला. पुढे त्यानेच 'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या जॉन कॅरीरू यांना फोन केला. कॅरीरू यांनी माजी कर्मचारी शोधले, वकिलांच्या धमक्या झेलल्या आणि ऑक्टोबर 2015 मध्ये बातमी छापली. 2022 मध्ये होम्स यांना फसवणुकीबद्दल 11 वर्षांहून अधिक शिक्षा झाली.

ब्लॉग मोठा की वर्तमानपत्र, या वादाचं उत्तर मला या एका प्रकरणात मिळतं. शंका यायला ब्लॉगरचं ज्ञान लागलं. ती सिद्ध करून कोर्टकचेरीच्या दबावाखाली छापायला पगारी पत्रकार, संपादक आणि कायदा विभाग असलेली संस्था लागली. यातलं एक जरी नसतं तर कितीतरी रुग्णांच्या हातात चुकीचे रिपोर्ट पडत राहिले असते.

कधी कधी मात्र एकटं माणूस पुरतं. 19 फेब्रुवारी 2017 ला सुझन फाउलर या इंजिनिअरने उबरमधल्या आपल्या वर्षाबद्दल स्वतःच्या ब्लॉगवर लिहिलं. लेख शांत आहे. मॅनेजरने केलेल्या लैंगिक स्वरूपाच्या मेसेजचे स्क्रीनशॉट एचआरला दिले, तर एचआरने 'त्याचा हा पहिलाच गुन्हा' म्हणून विषय मिटवला. टीममधल्या सगळ्यांसाठी चामड्याची जॅकेटं मागवायची ठरली आणि बायकांना सांगितलं की तुम्ही संख्येने कमी आहात, तुमच्या जॅकेटांवर घाऊक सवलत मिळत नाही, म्हणून तुमची मागवणार नाही. मला हा जॅकेटचा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. ज्याने ऑफिसात काम केलंय त्याला तो वाचताक्षणी पटतो. कंपनीला चौकशी नेमावी लागली, वीसहून अधिक लोकांना काढावं लागलं आणि जूनमध्ये ट्रॅव्हिस कॅलनिक यांनी सीईओपद सोडलं.

या ताकदीची मला भीतीही वाटते. फेब्रुवारी 2023 मध्ये बर्न होबार्ट यांनी आपल्या न्यूजलेटरमध्ये लिहिलं की बाजारभावाने हिशोब मांडला तर सिलिकॉन व्हॅली बँक तांत्रिकदृष्ट्या दिवाळखोरीत आहे. गणित बरोबर होतं, माहितीही बँकेच्या जाहीर आकड्यांमधलीच होती. पण वाचक म्हणजे नेमके त्या बँकेत पैसे ठेवणारे संस्थापक आणि गुंतवणूकदार. मार्चमध्ये बँकेने स्वतःच तोटा जाहीर केल्यावर ग्रुप चॅटमधून घबराट पसरली, 9 मार्चला एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढून घेण्याचा प्रयत्न झाला आणि 10 मार्चला बँक बंद झाली. खोटी बातमी घातक हे सगळेच म्हणतात. एकमेकांशी घट्ट जोडलेल्या वाचकवर्गात खरी बातमीही किती वेगाने घटना घडवते, याचा विचार आम्ही माध्यमवाल्यांनी अजून पुरेसा केलेला नाही.

आणि वाचक? तो मोजला जाऊ लागला. माझ्या स्क्रीनवर या क्षणी कोणता लेख किती जण वाचतायत, कुठल्या परिच्छेदापर्यंत जाऊन सोडून देतायत, हे दिसतं. मथळ्यातला एक शब्द बदलला की आकडा हलतो. हे बघत बघत काम करणाऱ्या माणसाच्या निवडीवर परिणाम होतोच. त्यातून वाचक थेट आपल्याकडे न येता फेसबुक किंवा गूगलमार्गे येत असेल, तर नळ दुसऱ्याच्या हातात असतो. फेसबुकने 2016 मध्ये कबूल केलं की व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ आपण फुगवून सांगत होतो. तोवर माध्यमांमध्ये लेखक काढून व्हिडिओवाले भरण्याची लाट सुरू झाली होती आणि ती त्यानंतरही थांबली नाही. 2018 च्या जानेवारीत फेसबुकने फीडमध्ये बातम्यांपेक्षा नातलग-मित्रांच्या पोस्टना प्राधान्य दिलं आणि अनेकांचे वाचक आटले. बझफीड न्यूजने चीनच्या शिनजियांग प्रांतात उइगर मुस्लिमांना डांबण्यासाठी उभारलेल्या छावण्या उपग्रहचित्रांवरून शोधून 2021 मध्ये पुलित्झर मिळवलं, आणि 2023 मध्ये तो विभाग बंद झाला. काम उत्तम होतं, पैसे कुठून येणार याचं उत्तर नव्हतं.

छोट्या जाहिराती क्रेगलिस्टसारख्या साइटवर गेल्या, मोठ्या जाहिराती गूगल-फेसबुककडे गेल्या, आणि स्थानिक वर्तमानपत्रांचा कणाच मोडला. 2005 नंतर अमेरिकेतली एक चतुर्थांशाहून अधिक वर्तमानपत्रं बंद झाली. तिथल्या कोर्टात आणि नगर परिषदेच्या बैठकीत मागच्या बाकावर बसून टिपणं घेणारा माणूस गेला, आणि त्याची जागा बहुतेक ठिकाणी कुठल्याही ब्लॉगने घेतलेली नाही. ते काम कंटाळवाणं आहे, त्यावर क्लिक येत नाहीत, आणि ते होणं अत्यंत गरजेचं आहे. मला या सगळ्या बदलातलं सगळ्यात मोठं नुकसान हेच वाटतं.

दिलासा एवढाच की थेट वाचकाच्या पैशावर चालणारी कामं उभी राहतायत. जेसिका लेसिन यांनी 2013 मध्ये वर्षाला 399 डॉलर घेऊन 'द इन्फर्मेशन' हे तंत्रज्ञान उद्योगाच्या बातम्यांचं संकेतस्थळ सुरू केलं तेव्हा एवढे पैसे कोण देणार असं लोक म्हणत होते. ते टिकलं. 2017 नंतर सबस्टॅक या न्यूजलेटर चालवायच्या सेवेमुळे एकट्या लेखकालाही वर्गणीदार मिळवणं सोपं झालं. फक्त यात खर्च करू शकणाऱ्यांसाठी उत्तम माहिती आणि बाकीच्यांसाठी उरलंसुरलं, अशी फाळणी होते आहे.

आता तुमच्या स्टार्टअपचं. फंडिंगच्या बातमीचा आलेख मी रोज बघते. छापून येते त्या दिवशी तो उंच जातो आणि लगेच आडवा होतो. आलेले वाचक बहुतेक तुमच्याच क्षेत्रातले स्पर्धक आणि गुंतवणूकदार असतात, ग्राहक नसतात. ड्रॉपबॉक्सच्या ड्रू ह्यूस्टन यांनी 2008 मध्ये एक छोटा डेमो व्हिडिओ डिग या, वाचकच लिंक सुचवतात अशा साइटवर टाकला आणि प्रतीक्षायादी एका रात्रीत 5000 वरून 75000 वर गेली. त्यात डिगच्या वाचकांनाच कळतील अशा खुणा पेरल्या होत्या. आपला माणूस कुठे बसतो हे त्यांना माहीत होतं.

म्हणून तुम्ही स्वतः लिहा. उत्पादनाची जाहिरात नको, तुमच्या क्षेत्रातला एखादा प्रश्न घ्या, तुमच्याकडचे खरे आकडे द्या, काय जमलं नाही तेही लिहा. स्वतःच्या डोमेनवर लिहा आणि ई-मेलची यादी स्वतःकडे ठेवा, म्हणजे उद्या कुठल्या प्लॅटफॉर्मने नियम बदलले तरी वाचक तुमच्याजवळ राहतील. पत्रकाराला मेल कराल तेव्हा 'आम्ही लाँच होतोय' असं लिहू नका, तुमच्या कामातून जगाबद्दल नवीन काय कळलं ते चार ओळींत लिहा आणि मूळ आकडेवारी जोडा. अशा मेलला मी उत्तर देते, बातमी होणार नसली तरी.